रडक्या पोरांची खोली

आमच्या थिएटरात बाल्कनीच्या खाली, अगदी मागे, एक काचेची खोली होती. तान्ही मुलं घेऊन आलेल्या बायकांनी तिथे बसायचं. समोर जाड काच, काचेपलीकडे हॉल आणि पडदा. सिनेमाचा आवाज यायचा तो कोपऱ्यात भिंतीवर टांगलेल्या स्पीकरमधून. पोरानं कितीही भोकाड पसरलं तरी ते बाहेर हॉलमध्ये ऐकू जात नसे. मालकांच्या वडिलांनी हौसेनं बांधून घेतलेली खोली ती. दारावर इंग्रजीत पितळी पाटी होती, पण आम्ही सगळे तिला रडक्या पोरांची खोलीच म्हणायचो.

मी तिथे दिवाळीपासून पोंगलपर्यंत काम केलं. नवऱ्याची केंद्र सरकारची नोकरी, बदली चेन्नईला, मुलगा पुण्यात होस्टेलवर, आणि मी वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकटी. थिएटरचे मॅनेजर आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत. पाण्याचा टँकर आला की मी जिन्यावरून ओरडून घागरींची रांग लावायची, ते त्यांनी रोज ऐकलेलं. एक दिवस वर येऊन म्हणाले, "मॅडम, सणात लेडीज रांग सांभाळायला याल का?"

"माझं तमिळ भाजीवालीपुरतं आहे."

"रांगेला भाषा लागत नाही. आवाज लागतो."

मी गेले. घरी बसून काय करणार होते?

दिवाळीच्या सकाळी फाटकापुढे नायकाच्या उंच कटआउटवर पोरं दुधाच्या पिशव्या ओतत होती. दृष्ट काढायला कोहळ्यावर कापूर पेटवून तो रस्त्यात फोडला, ढोल वाजले, आणि पहिल्या खेळाला दारं उघडली तेव्हा माझी साडी खांद्यापासून सुटायचीच बाकी होती. त्या वर्षी थिएटरात नवी ध्वनियंत्रणा बसवली होती. पडद्यापेक्षा तिचीच जाहिरात मोठी. छातीत धडधड होईल असा आवाज, असं पोस्टरवर छापलेलं, आणि व्हायचीच. शहरात इतका आवाज दुसरीकडे कुठे नव्हता.

रांग आत गेली की माझं काम म्हणजे टॉर्च घेऊन फिरणं. हॉलच्या पुढच्या भागातून मागे वळून पाहिलं की ती काचेची खोली दिसे. पडद्याचा उजेड तिच्यावर पडायचा, निळा, मग लाल, मग पांढरा. आत सात-आठ बायका आणि त्यांच्या मांडीवर उघडी तोंडं. सगळी पोरं जिवाच्या आकांतानं रडतायत आणि आवाज शून्य. पहिल्या दिवशी मी पाहतच राहिले. मत्स्यालयात मासे तोंड उघडतात तसं दिसायचं ते. आत गेलं की उलटं. कानाचे पडदे फाटतील असा गोंगाट, आणि काचेपलीकडे हजारभर माणसं नाचतायत, शिट्ट्या मारतायत, त्यांचं काही ऐकू नाही.

ती बाई मला पहिल्यांदा आयानं दाखवली. आया म्हणजे झाडलोट करणारी म्हातारी. लेडीज दारावर तिकिटंही तीच फाडायची. मॅटिनी चालू होती. आयानं माझा दंड धरला आणि हॉलमधून काचेकडे बोट केलं.

सगळ्या बायकांचे चेहरे उजळलेले होते आणि कोपऱ्यात एक पाठ. एक बाई जमिनीवर, काचेला टेकून, पडद्याकडे पाठ करून बसली होती. केसांतला मोगरा काचेला चिकटून चपटा झाला होता. चित्र बदललं की तिच्या मानेवरून रंग जात. ती हलत नव्हती.

"रोज येते," आया म्हणाली. "रोज मॅटिनी. रोज अशीच. आत जाताना मी तिकीट फाडते, बाहेर येताना मला कधी दिसत नाही."

"गर्दीत दिसली नसेल."

"तिचे पाय बघितलेत का, मॅडम?"

"बघितले. रबरी चपला आहेत. भुतं चपला घालतात का?"

"हल्ली घालतही असतील," आया म्हणाली. "आणि ते मूल. सगळी रडतात, ते बघत बसतं."

मी तिला म्हटलं, मुतारी धुवायची राहिली आहे ती धू. पण दुसऱ्या दिवशी मॅटिनीला मी स्वतः आत जाऊन उभी राहिले.

बाई पंचविशीच्या आतली. स्पीकरच्या बरोबर खाली बसलेली. पाय जवळ घेतलेले आणि गुडघ्यांवर बाळ टेकवलेलं, तिच्याकडे तोंड करून. नुकतंच बसायला शिकलेलं असावं. मुलगी होती. कानात सोन्याच्या बारीक तारा. पडद्याचा सगळा उजेड बाळाच्या चेहऱ्यावर आणि आईचा चेहरा काळोखात. आई फक्त बाळाकडे पाहत होती. आपण दुधावर नजर ठेवतो, उतू जाईल म्हणून, तसं.

तेवढ्यात हॉलमध्ये कुणा टारगटांनी फटाक्यांची माळ लावली. नायक पडद्यावर आला की लावायचेच, कितीही झडत्या घ्या. काच थरथरली, धूर चढला, खोलीतली सगळी पोरं एकदम दचकून किंचाळली. एक रडलं की दुसरं रडतं, मग सगळीच. या मुलीनं मात्र नुसती मान वळवली, धूर चढला त्या बाजूला पाहिलं आणि परत ती आईच्या मागे हलणारे रंग पाहू लागली. मग तिची नजर माझ्यावर आली. तान्ह्या मुलांची नजर आपल्यावरून निसटते. हिची निसटली नाही. एवढ्या आरडाओरड्यात ती माझ्याकडे अशी स्वस्थ पाहत होती की जणू खोलीत आम्ही दोघीच आहोत. माझ्या मानेवर काटा आला. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, तरी आला.

"काय बाई पोर तरी!" मी पुटपुटले.

आईनं झटकन वर पाहिलं. "पाहिलांत ना तुम्हीं? मान फिरवली कीं नाहीं?"

मराठी होतं. चाल तमिळ, शब्द आमच्या पणजीच्या काळचे. तंजावरकडची.

"फिरवली," मी म्हटलं. "पण तू अशी उलटी का बसतेस? लोक घाबरतात."

ती हसली नाही. मध्यंतरात सगळ्या बायका पोरं घेऊन बाहेर गेल्या तेव्हा तिनं मला बसवून घेतलं आणि सांगितलं. सासर तंजावरला. दिवाळीला आईकडे आली होती, इथेच चेन्नईत, तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत. बाळ गुणी, असं दोन्ही घरांतले म्हणत. फटाके वाजतात आणि झोपून राहतं, केवढं गुणी! हिला मात्र झोप येईना. पातेलं आपटून पाहिलं, दार आपटून पाहिलं. कधी वाटे वळलं, कधी वाटे नाही. सासूला विचारलं तर ती म्हणाली, "कान टोचले तेव्हां रडलें, मग कान कसे नाहींत?" डॉक्टर म्हणाले, लहान आहे, वर्षाची झाली की आणा.

"म्हणून सिनेमाला?"

"इथें सगळ्यांत मोठा आवाज आहे म्हणून भिंतीवर लिहिलें आहे, मामी."

या शहरात माझ्या वयाच्या बाईला कुणीही मामी म्हणतं. त्याची मला सवय झाली होती. तरी त्या खोलीत, मराठीत, ते वेगळंच वाटलं.

"आणि खेळ संपल्यावर तू दिसत नाहीस कशी?"

"संपेपर्यंत कोण बसतें? मारामारी झाली कीं जातें. आईस सांगितलें आहे, देवळांत जातें म्हणून."

नवरा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी न्यायला येणार होता. त्याआधी तिला कळायला हवं होतं. घरच्यांना कळेल तेव्हा ते आपापसात ठरवतील, बाळाचं काय, हिचं काय, पुढच्या मुलाचं काय. त्यांच्याआधी मला कळूं द्या, असं ती म्हणाली. "मारामारींत मान फिरवतें, मामी. रोज फिरवतें. म्हणजे ऐकतें ना?"

पण काच कशी थरथरली ते मी पाहिलं होतं. मारामारीत उजेडही लखलखतो. ढोल वाजला की त्या खोलीची फरशी तळपायाला लागते. बहिऱ्या म्हाताऱ्यालाही तिथे ढोल कळला असता. ती रोज स्पीकरखाली बसून चुकीच्या जागी परीक्षा घेत होती, आणि तिनं सिनेमा पाहिलाच नसल्यानं त्यातली बरोबर जागा कुठे आहे ते तिला ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक होतं. सणाच्या दिवसांत थिएटरात काम केलं की सिनेमा पाठ होतो. कुठे खोकावं तेही कळतं. मध्यंतरानंतर नायिका एका बंद घरात शिरते आणि दिवे जातात. पडदा पूर्ण काळा. संगीत थांबतं. आणि त्या काळोखात एक किंकाळी. बारीक, चाकूसारखी. ढोल नाही, उजेड नाही, काच हलत नाही. बायका दर वेळी पदर तोंडात धरायच्या.

"उद्या मारामारी झाली तरी जाऊ नकोस," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती आली. मारामारी संपली तशी तिनं उठून काचेकडे तोंड केलं, कपाळ काचेला टेकवलं आणि बाळाला खांद्यावर घेतलं, म्हणजे बाळाचं तोंड खोलीकडे, माझ्याकडे. "मी पाहणार नाहीं," ती म्हणाली. "पाहिलें कीं मला हवें तेंच दिसतें. तुम्हीं पाहा आणि सांगा."

मी स्पीकरचं बटण पूर्ण वर केलं. टॉर्च लावून तिच्यावर बोटं मिटली. बोटांतून लाल उजेड झिरपला, तेवढाच. नायिका घरात शिरली. दिवे गेले.

खोलीत इतका काळोख झाला की बायका दिसेनाशा झाल्या. फक्त श्वास. आणि माझ्यासमोर, हवेत लोंबकळल्यासारखा, एक लालसर लहान चेहरा.

किंकाळी आली. मला ती येणार हे माहीत होतं तरी माझा हात उडाला, उजेड हलला. मागे सगळी पोरं एकदम फुटली. कुणाची तरी दुधाची बाटली खाली पडली.

त्या चेहऱ्यावर पापणीही हलली नाही. ती माझ्या लाल बोटांकडे पाहत होती. मग बोटं हलली ते तिला आवडलं असावं. ती हळूहळू, तोंडभर हसली.

"मामी?" आईचं कपाळ काचेवरच होतं.

"नाही," मी म्हटलं. "नाही दचकली. काहीच नाही."

दुसरं काय सांगणार? गोल गोल बोलायची मला सवय नाही, आणि तिनं त्यासाठी मला विचारलंही नव्हतं.

पडद्यावर दिवे आले. ती तशीच उभी राहिली. काचेवर तिच्या श्वासाचा धुरकट गोल मोठा झाला, लहान झाला. रडेल, कोसळेल म्हणून मी जवळ सरकले. तिनं पदरानं काच पुसली. बाळाला पुढे घेतलं, खुर्चीवर बसली, इतरांसारखी, पडद्याकडे तोंड करून.

"हा मिशीवाला कोण?" तिनं विचारलं.

"नायकाचा भाऊ."

"वाईट आहे?"

"आधी वाटतो. नंतर नाही."

"सुरुवातीपासून सांगा. रोज तिकीट काढलें आणि कांहीं पाहिलें नाहीं."

मी सांगितलं. टाकीतलं पाणी किती उरलंय ते सांगावं तसं, भराभर, पोरांच्या रडण्यावरून आवाज चढवून. मधेच आयानं दार लोटून मला बोलावलं, लेडीज दाराशी भांडण लागलं होतं. मी गेले, मिटवलं, आणि हॉलच्या पुढून परत येताना मागे वळून काचेकडे पाहिलं.

आज पाठ नव्हती. ती पडद्याच्या उजेडात बसली होती, बाळाला समोर धरून, आणि त्याला बहुधा तीच गोष्ट सांगत होती. मिशी दाखवायला ओठावर बोट फिरवत होती. बाळ तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत होतं. तिचे ओठ हलत होते, थांबत होते, परत हलत होते. काचेच्या अलीकडे मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं, तरी मी उभी राहून बघत राहिले, मिशीपर्यंत कळलं, पुढचं नाही.

मग आयानं परत हाक मारली. त्या दिवशी खेळ सुटल्यावर ती बाई दारातून बाहेर पडताना आम्ही दोघींनी पाहिली.