वेचणीच्या दिवसांतला चमचा

आज भांडी लावताना तो दांडी वाकलेला चमचा हाती आला आणि सौंसरच्या विहारातली जयंतीची संध्याकाळ आठवली. मेणबत्त्यांचा वास, बाहेर वाजणारे ताशे आणि पुढच्याच सतरंजीवर पांढरी साडी नेसून बसलेली माझी माय. मी समुद्रावरची माझी कविता वाचली. समुद्र मी पाहिलाही नव्हता, पण टाळ्या पडल्या, मायनंही वाजवल्या. मग माझी मैत्रीण उठली. दिवाळीच्या सुटीत मी घरी लिहीत बसायची, तेव्हा ती माझ्या मायसोबत कापूस वेचायला जायची. तिनं एका बाईवर लिहिलेली कथा वाचली. बोंडांच्या टोकांनी त्या बाईची बोटं फाटतात, चटणी झोंबते, म्हणून वेचणीच्या दिवसांत ती चमच्यानं जेवते आणि बाकीच्या बाया तिला ‘मॅडम’ म्हणून चिडवतात. सारा विहार आधी हसला, मग टाळ्या थांबेचनात. माय पदरानं डोळे पुसत होती. माझ्या अंगाची नुसती आग झाली. माय माझी, चमचा माझ्या घरचा आणि कौतुक हिचं! परतताना मी फणकाऱ्यानं म्हटलं, “त्यात काय होतं एवढं लिहिण्यासारखं?” माय चालता चालता म्हणाली, “चमचा तं आपल्याच घरचा होता न बाई. मंग तुले काहून नाई दिसला?” आजच्या पेपरात त्या मैत्रिणीची पुन्हा एक कथा छापून आली आहे. सकाळपासून माझ्या पोटात दुखतं आहे. चमचा मांडणीत न ठेवता मी टेबलावर ठेवला आणि लिहायला बसले.