रंगनाथरावांचा गरम मांडा

रंगनाथराव एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, तोवर त्यांनी घरात कधी चहासुद्धा केला नव्हता. मग रद्दीच्या दुकानात त्यांना पाकशास्त्राचं शंभरेक वर्षांपूर्वीचं पुस्तक सापडलं आणि सिडकोतल्या त्यांच्या घराचा नूरच पालटला. पुस्तकाला पुठ्ठा नव्हता, पण तोरा केवढा! ‘आळशी बाईने या पदार्थाच्या वाटेस जाऊ नये,’ असं लिहिणारीनं ठणकावलं होतं. रंगनाथराव ते मोठ्यानं वाचत आणि त्यांच्या पत्नी लताबाई मेथी निवडता निवडता पोट धरून हसत.

“तिला म्हणावं, ये एकदा माझ्या ओट्याशी,” त्या म्हणत.

एकदा मांड्यांचं पान निघालं. लताबाई माहेरी, चांदवडला मांडे शिकलेल्या. त्या सहज बोलून गेल्या, “करणारीला गरम मांडा कधी मिळत नाय बघा. सगळ्यांचं होईस्तोवर तिचा गारच.”

रंगनाथरावांना ते फार लागलं. इतकी वर्षं ताटावर बसून गरम मांडे हाणणारे तेच तर होते! त्यांनी जाहीर केलं, “रविवारी मांडे मी करणार. तू पानावरून उठायचं नाही.”

रविवारी त्यांनी गॅसवर खापर पालथं घातलं. पुरण भरलेला उंडा हातांवर घेतला आणि पुस्तकात होतं तसा झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवत नेला. मांडा टर्रकन फाटला. दुसराही फाटला. पुस्तकवाल्या बाईंनी सगळं लिहिलं होतं, पण करणारा पुरुष असेल हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

“अहो, मनगटावरचं घड्याळ काढा आधी!” लताबाई पानावरूनच ओरडल्या. “मांड्याला काय गाडी गाठायचीय?”

त्या अर्ध्या उठल्याही होत्या. रंगनाथरावांनी नुसतं डोळे वटारून पाहिलं, तशा पुन्हा बसल्या. घड्याळ फ्रिजवर गेलं आणि तिसरा मांडा अख्खा खापरावर पडला. जरा वाकडा, एका कडेला करपलेला, पण वाफाळता. त्यांनी तो पळत आणून ताटात घातला, वर तुपाची धार धरली आणि तिथंच उभे राहिले.

लताबाईंनी घास घेतला, तोंड पोळलं तशी फुंकर मारली आणि खातच राहिल्या. ताट रिकामं झाल्यावर त्यांनी ते पुढे केलं.

“आणखी एक वाढा.”

लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती. बायकोनं असं काही मागून खाल्लेलं रंगनाथरावांना आठवेना. “आणतो, आणतो,” म्हणत ते खापराकडे धावले.