बाथरूमच्या छताला बैलांचं बेगड

माझ्या लेकीची सासू धुळ्याची. तिच्या बाथरूमचं छत सोनेरी आहे, हे तिने मला प्रत्येक लग्नात ऐकवलंय. ती आमच्याकडे मुक्कामाला येणार हे कळल्यावर मी सुनेला म्हटलं, "या खेपेला तिची बोलती बंद करायची."

आमचे बैल कधीच विकले. पण पोळ्याला त्यांच्या शिंगांना चिकटवायचं सोनेरी बेगड पेटीत पडून होतं. सून स्टुलावर चढली आणि मी खालून एकेक कागद खळ लावून दिला. बाथरूम एवढंसं, दुपारपर्यंत छत कळसासारखं झळकायला लागलं. शिंगांना बेगड वॉर्निशवर चिकटवतात. घरात वॉर्निश नव्हतं, म्हणून मी मैद्याची खळ शिजवली होती. बैल कढत पाण्याने अंघोळ करत नाहीत, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

विहिणीला कढतच पाणी लागतं. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, ती खूश होऊनच.

"विहीणबाई, बठ्ठं सोनं शे वर! आमना घरपेक्षा भारी! कारागीर कोन शे?"

"आमच्या बैलांचाच," मी म्हटलं.

तिला ती थट्टा वाटली. वाफेने सुटलेले बेगडाचे तुकडे तिच्या अंबाड्यावर, कानांमागे चिकटले होते आणि एक मोठा कपाळावर. सून तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाली. मी आरसा दाखवला नाही. जेवायला पुरणपोळी होती. पोळ्याला सजवलेल्या बैलाला आधी भरवतात, म्हणून पहिली पोळी मी तिच्याच ताटात वाढली.