पिळायचं काम

थोरली आणि धाकटी एकाच घरात दोन चुली मांडून राहत होत्या. सख्ख्या जावा. मधल्या दाराला पलीकडून कपाट लावलेलं. भांडण कशावरून झालं असं विचारलं असतं, तर दोघींनी दोन वेगळी कारणं सांगितली असती, आणि दोन्ही खरी निघाली असती. कामाला मात्र एकाच ठिकाणी होत्या. मोठ्या रस्त्याला लागून गाड्या धुण्याचं एक सेंटर होतं, तिथे. थोरली तिथली जुनी. धाकटीच्या नवऱ्याचं काम सुटलं तेव्हा थोरलीनेच मालकांकडे शब्द टाकला होता. ते भांडणाच्या आधीचं.

पुरुष गाडीवर पाणी मारायचे, फेस चोळायचे, पुन्हा पाणी मारायचे. मग गाडी पत्र्याच्या सावलीत यायची आणि या दोघी तिला दोन बाजूंनी भिडायच्या. पाणी आपोआप वाळलं की रंगावर पांढरी वर्तुळं उठतात, म्हणून हात भराभर चालवावा लागे. टप, काचा, बॉनेट, दारं. टॉवेल भिजला की पिळायचा, पुन्हा फिरवायचा. बोलायची गरज पडत नसे, आणि ते दोघींच्याही पथ्यावर पडत असे.

थोरली हल्ली सकाळी उठतानाच दमलेली असायची. रात्रीची झोप जणू दुसऱ्याच कुणाच्या अंगाला लागत होती. त्यात उजवं मनगट. सकाळी गरम पाण्याखाली धरल्याशिवाय ते वळायचंच नाही. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सांगून तो काय करणार, जास्तीत जास्त 'दाखव कुणाला तरी' म्हणणार.

एके दिवशी एका गिऱ्हाइकाने आपल्या काळ्या गाडीवर उन्हात बोट फिरवून दाखवलं. रंगावर जाळ्यासारखे बारीक ओरखडे. मालकांनी टॉवेल हातात घेऊन पाहिला, तर त्याचं पार फडकं झालेलं.

"मावशी," ते थोरलीला म्हणाले, "उद्या तुम्ही दोघी जाऊन चांगले टॉवेल घेऊन या. वापरायचे तुम्हाला, तर निवडा पण तुम्हीच."

दुकानदाराने समोर ढीग ओतला. थोरली एकेक टॉवेल गालाला लावून बघत होती, काठाची शिवण चिमटीत धरून टोचते का ते पाहत होती. दुकानदाराने काचेच्या टेबलावर पेलाभर पाणी ओतलं आणि चादरीएवढा एक जाडजूड, लुसलुशीत टॉवेल त्यावरून नुसता ओढला. काच कोरडी ठणठणीत.

धाकटीचा चेहरा खुलला. "ताई, एका ओढीत अख्खा टप होईल."

थोरलीच्या हातात पातळ, चौकड्यांच्या विणीचा लहानसा टॉवेल होता. "हा बरा वाटतो. पटकन पिळून निघेल."

"याने दहा वेळा पुसत बसावं लागेल. पिळायला असं काय लागतं?"

काय लागतं ते सांगायला थोरलीला तोंड होतं. पण जिच्याकडे घरात चिमूटभर मीठ मागायचं बंद केलं, तिच्यापुढे आपलं मनगट काढून दाखवायचं? आणि वाद घालायचा तर अंगात तेवढी धुगधुगी हवी.

"तुला पटतोय ना? मग घे तोच," ती म्हणाली आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली.

पहिले काही दिवस मालक खूश होते, गिऱ्हाइकं खूश होती. टॉवेल पाणी प्यायचा, पण प्यालेलं सोडायला तयार नसायचा. दुपारपर्यंत तो ओल्या गोधडीसारखा जड व्हायचा. नाकापेक्षा मोती जड. थोरली अर्धवट पिळायची, गाडीवर ओले पट्टे उठायचे आणि धाकटी मागून येऊन ते पुसायची. मग एक दिवस ती म्हणाली,

"ताई, नीट पिळत का नाही तुम्ही? मला दुप्पट काम पडतं."



त्याच दुपारी टपावरून ओढताना टॉवेल थोरलीच्या हातातून सुटला आणि खालच्या रेतीत पडला. पडलेला टॉवेल गाडीला लावायचा नाही, हे नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. थोरलीनेच कितीकांना सांगितलं होतं. कोरडे टॉवेल आत फळीवर होते. तिने फळीकडे पाहिलं. तेवढं अंतर चालायचं तिच्या जिवावर आलं. तिने टॉवेल उचलला, झटकला आणि पुन्हा टपाकडे नेला.

धाकटीने झटकन तिचा हात धरला. नेमका मनगटावर. थोरलीच्या तोंडून "आई गं" निघालं आणि ती तिथेच खाली बसली.

धाकटीने बाही वर सारून पाहिलं. मनगट टम्म सुजलेलं.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"आणि दुकानात तोंडाला कुलूप का लावलंत?"

"तुला आवडला होता तो."

"आवडायला मी काय त्याच्याशी लग्न लावणार होते? ताकाला जाऊन भांडं लपवायची तुमची ही जुनीच खोड."

धाकटीने रेतीतला टॉवेल बादलीत टाकला, फळीवरचा दुसरा आणला, गाडी पुरी केली. मग बादलीतला वर काढून म्हणाली, "एक टोक धरा. पिळू नका, नुसतं धरा." थोरलीने टोक कोपराच्या बेचक्यात दाबून धरलं आणि धाकटी दुसऱ्या टोकाने पीळ देत गेली.

त्या संध्याकाळी धाकटी सगळे टॉवेल घरी घेऊन गेली. भिंतीपलीकडून शिलाई मशीन चालल्याचा आवाज थोरलीला पडल्यापडल्या ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी प्रत्येक टॉवेलाचे दोन झाले होते, कापलेल्या बाजूला जुन्या मऊ चादरीची पट्टी लावलेली.

मालकांच्या कपाळावर आठ्या. "अहो, नवे कोरे टॉवेल कापले?"

"जड होत होते," धाकटी म्हणाली. कुणाला, ते सांगितलं नाही.

सगळं काही सुरळीत झालं असं नाही. अर्धा टॉवेल लवकर भरायचा, त्यामुळे गाडीला वेळ जास्त लागायचा. काही दिवस कापलेल्या काठातून तंतू निघून काचांना चिकटत राहिले. डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला आणि हाताला आराम द्या म्हणाले. थोरलीने पट्टा तेवढा घेतला. टप आणि बॉनेट धाकटीने आपल्याकडे घेतलं, काचा आणि दारं थोरलीकडे राहिली. घरातलं काही बदललं नाही. नवरे एकमेकांशी बोलत नव्हते ते नव्हतेच.

पण पुढे एका दुपारी, गाड्यांची रांग लागलेली असताना, थोरली हातातला टॉवेल दारावर ठेवून म्हणाली, "दमले गं मी."

हे ती कुणाला कधी म्हणाल्याचं तिला स्वतःलाच आठवेना.

"मग बसा," धाकटी टपावरून हात न काढता म्हणाली. "ही मी पुसते."

थोरली भिंतीला टेकून बसली. बघता बघता तिचा डोळा लागला. पुढची गाडी सावलीत आली तेव्हा पाणी मारणाऱ्याने विचारलं, मावशींना उठवू का?

धाकटीने नुसती नकारार्थी मान हलवली आणि एकटीनेच टपावर टॉवेल पसरला.