अळंबीचा पहिला घास

सुनेने ओट्यावर अळंबीचं पाकीट फोडलं, आणि लसणाच्या फोडणीतून ओल्या मातीचा वास उठला. त्या वासासरशी मी पेठ गावाजवळच्या एका पाड्यावर जाऊन पोहोचलो.

रानातल्या अळंब्या ओळखायला शिकवणारी तिथली शाळा सगळ्यांना खुली होती. शिकवायच्या मंजुळामावशी. मी नाशिकच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो, म्हणून रानातून आणलेली टोपली पुढे करून त्यांनी आधी मलाच विचारलं. टोपलीतल्या पांढऱ्या छत्र्या हातात घेऊन मी ठणकावून सांगितलं, "या खाण्याच्या." खरं तर मला खात्री नव्हती.

मावशींनी टोपली आत नेली. भाजी शिजली, पळसाच्या पानांवर वाढून झाली, तरी कुणी जेवेना.

"सर, इथली रीत हाय," मावशी म्हणाल्या. "ज्यानं ओळखली, त्यानं पयला घास घ्यायचा."

सगळे माझ्या हाताकडे बघत होते. शेजारची बाई मांडीवरच्या मुलीसाठी भात कालवत होती. मला माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण मी घास गिळला. मग सगळे जेवले.

हात धुतल्यावर मावशींनी मला चुलीमागे नेलं. माझ्या छत्र्या तिथं राखेत पडल्या होत्या.

"ह्या इखारी, सर. शिजवल्या त्या माझ्या."

तेव्हा मी सुटल्यासारखा हसलो होतो. आता ही भाजी ताटात आली की मला माझा घास आठवत नाही. घासासाठी उघडलेलं त्या मुलीचं तोंड आठवतं.