देवानंदच्या नावावरची मरळ

नवऱ्याला नाही सांगितलं. बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तरी हा विषय मी वळसा घालूनच पुढे जाते. तुम्हाला सांगतेय. तुम्हालाच का, ते विचारू नका, मलाही नीट ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसांत मी फार चांगली बाई आहे.

नागपूरच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होते. आता निवृत्त आहे. वर्गात मी कुणाचं ऐकून घेत नसे. शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणारा पोरगा मला मागच्या बाकावरचाही दिसायचा, आणि दिसला की मग त्याची खैर नसायची. कितीतरी पोरांना मी "आधी कबूल कर, मग बोलू" म्हणून ताटकळत उभं ठेवलंय. आणि तीच मी... थांबा, सरळ सांगते. सरळ सांगितलं नाही तर मी पुन्हा निसटेन. निसटण्यात मी हुशार आहे.

एकदा मुलांची सहल घेऊन मालवणला गेले होते. नागपूरची पोरं ती, अर्ध्यांनी समुद्रच पाहिला नव्हता. होडीवाल्यानं आम्हाला तोंडाला काच लावून पाण्यात डोकं घालायला लावलं. खाली प्रवाळ होतं. एका बाजूला नांगर आणि जाळी ओढून ओढून मोडलेलं, पांढरं पडलेलं. थोडं पलीकडे, जिथे खडकांमुळे कुणी जाळं टाकत नाही तिथे, रंगीत, आणि माशांची नुसती गर्दी. होडीवाला म्हणाला, समुद्राचा असा एक तुकडा कायमचा बंद ठेवायचा, यावरून त्यांच्याकडे भांडणं चालू आहेत. तिथे जाळं नाही, गळ नाही, काही नाही. मासे तिथे मोठे होणार, अंडी घालणार, आणि त्यांची पिल्लावळ बाहेर पसरून सगळ्यांच्याच जाळ्यात येणार. परतीच्या गाडीत पोरं भेंड्या खेळत होती आणि माझ्या डोक्यात तेवढंच घोळत होतं. आमच्याकडे समुद्र कुठला? पण तलाव तर आहेत.

माझं माहेर भिवापूरकडचं. घरी मिरचीचा व्यापार. गावापासून जवळच ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, वस्ती आणि त्यांचा तलाव. लहानपणी चुलतभावांबरोबर मी तिथे गळ टाकायला जायची, म्हणून आई मला बदडायची. त्या वस्तीत रुखमाबाई होत्या, माझ्याच वयाच्या, नवरा लवकर गेलेला, बाजारात मासे विकून मुलगा वाढवलेला. मासे कमी झालेत म्हणून सगळे रडत होतेच. मी रुखमाबाईंच्या अंगणात चादर बांधून मालवणचे फोटो दाखवले. पुरुष मंडळी हसली. तो समुद्र, हा तलाव, एक कोपरा बंद केला तर आम्ही काय हवा खावी? तेव्हा रुखमाबाई उठल्या आणि म्हणाल्या, "बियाणं खाऊन कोणी पेरते का गा?" मिरचीच्या मुलखात हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 

मग कोपरा ठरला. तलावाच्या बांधाच्या टोकाला, लव्हाळं आणि कमळं दाटली आहेत तो. बांबू रोवून लाल फडकी बांधली. राखण घरटी आळीपाळीनं. आणि नियम त्यांनीच घातला, फार कडक: ज्या घराच्या पाळीला मासा गेला, ते घर जबाबदार. कोणी मारला, ते कोणी विचारायचं नाही. त्या घराला वर्षभर सामाईक जाळ्यातल्या माशांचा हिस्सा बंद. सगळ्यांनी तलावाचं पाणी ओंजळीत घेऊन शपथ घेतली. मीही घेतली. माझी ओंजळ जरा जास्तच वर होती, फोटो काढत होते ना.

रुखमाबाईंचा देवानंद तेवढा धुसफुसत होता. "मायले मॅडमनं येडं करून टाकलं," असं उघड म्हणायचा. पण आईच्या शब्दापुढे जात नव्हता. पुढे मासे खरंच वाढले. लोक पाहायला येऊ लागले. मला शाली मिळाल्या, नारळ मिळाले, भाषणं मिळाली. रुखमाबाईंना काय मिळालं? त्यांच्या शब्दाला वस्तीत वजन आलं. बस, तेवढंच. पण त्यांना तेच हवं होतं. बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बाईचं कोण ऐकतं एरवी?

आता तो दिवस.

नवऱ्याचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. धंतोलीतल्या दवाखान्यातून त्यांना घरी आणलं. नणंद म्हणाली, मरळीचा रस्सा द्या वहिनी, जखम लवकर भरते. आमच्याकडे सगळेच असं म्हणतात. नागपूरच्या बाजारात मरळ मिळते, टबात जिवंत ठेवलेली. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर मला नवऱ्याच्या आजारामागे लपता येणार नाही.

त्या आठवड्यात मी तलावावर गेले. राखण रुखमाबाईंच्या घराची होती, देवानंद राखणीसाठी उभारलेल्या खोपडीत बसला होता. मी कोपऱ्याशी गेले आणि पाण्यात तो लाल गोळा दिसला. मरळीची पिल्लं लहानपणी लालसर असतात, एकत्र गोळ्यानं फिरतात, सारखी वर-खाली करतात. खाली आईबाप पहारा देत असतात. पिल्लांजवळ काहीही आलं की ते झडप घालतात, मागचा-पुढचा विचार करत नाहीत. म्हणून मरळ पकडायची सगळ्यात सोपी वेळ तीच, आणि सगळ्यात वाईटही. राखणदार गेला की ती पिल्लं बगळ्यांच्या घशात जातात. हे मी त्याच अंगणात, त्याच चादरीवर सगळ्यांना समजावून सांगितलं होतं.

मी देवानंदला म्हटलं, जा रे, जरा चहा घेऊन ये. आलं घालून. तो म्हणाला, मॅडम, राखण सोडता येत नाही. मी म्हटलं, मी आहे ना.

मी आहे ना — म्हणजे कोण? कुंपण. आणि कुंपणानंच शेत खाल्लं.

खोपडीत एक गळ टांगलेला होता, कोण्या चोरट्या पोराकडून हिसकावलेला. मी तो काढला. लव्हाळ्यातून एक बेडूक पकडला. इतक्या वर्षांनी हात विसरला नव्हता. बेडूक त्या लाल गोळ्यावर अलगद टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. तिसऱ्यांदा टेकवायची गरजच पडली नाही. नवऱ्यासाठी केलं का मी हे? मला अजून जमतं का, ते पाहायचं होतं. चांगली हातभर मरळ होती. खरं सांगू? मला आनंद झाला होता. पोरीसारखा.

ओल्या गोणपाटात गुंडाळून ती डिकीत टाकली. गळ जागेवर टांगला. देवानंद चहा घेऊन आला, मी तो प्याले, छान झालाय म्हणाले, आणि निघाले. मरळ पाण्याबाहेर लवकर मरत नाही. नागपूर येईपर्यंत मागे आपटत होती. मी रेडिओ मोठा केला.

संध्याकाळी रस्सा केला. नवरा म्हणाला, बाजारातली वाटत नाही. मी म्हटलं, बाजारातलीच आहे.

गळावर बेडकाची तंगडी तशीच राहिली होती. पुसायला मी विसरले. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर बगळे जमले, लाल गोळा फुटलेला, आणि खोपडीत हा असा गळ. कुणाला काही विचारायची गरजच नव्हती. बैठक बसली. मला मुद्दाम बोलावून घेतलं, मानानं, खुर्ची टाकून. बाकी सगळे खाली सतरंजीवर. देवानंद म्हणाला, मी मॅडमसाठी चहा आणायले गेलो होतो, तेवढीच राखण सुटली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुणी संशयानं नाही हो, संशय कोण घेणार माझा? मी काही पाहिलं का, एवढंच त्यांना हवं होतं. नियमानं त्या घराचा हिस्सा जाणारच होता. पण देवानंद स्वतः चोर की नुसता गाफील, हे माझ्या तोंडून ठरणार होतं. रुखमाबाई कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

इथवर मी तुम्हाला मरळीचं सांगितलं. मरळीचं सांगणं सोपं आहे. एका माशासाठी कोण कुणाला फाशी देतं? पुढचं सांगायला मी इतका वळसा घातला.

मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मी कुणाला पाहिलं नाही, म्हटलं असतं तरी तो नुसता गाफील ठरला असता. पण मी उभी राहिले. माझा तो वर्गातला समजूतदार आवाज काढला आणि म्हणाले, "चहा आणला त्यानं, खरं आहे. पण तरुण पोरगा आहे. चूक होते माणसाच्या हातून. एवढी वेळ माफ करा त्याला."

बस. त्याच्यावर आरोप मी केला नाही. मी त्याच्यासाठी दयेची भीक मागितली. आणि निरपराध माणसासाठी कुणी दया मागतं का? त्या क्षणी सगळ्यांना कळलं की मॅडमना माहीत आहे, मॅडम त्याला सांभाळून घेत आहेत. देवानंद माझ्याकडे पाहतच राहिला.  आणि रुखमाबाई उठून आल्या आणि माझ्या पाया पडल्या. माझ्या पायाशी त्यांचं डोकं, आणि मी त्यांना उठवताना म्हणतेय, अहो, हे काय करता.

त्यांनी पोटच्या पोरापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. घरी गेल्यावर त्याला म्हणाल्या, माझ्यापुढे कबूल कर, मग ताट वाढते. तो म्हणाला, मी केलंच नाही तर कबूल काय करू? माय-लेक दोघेही हट्टी. तो निघून गेला. नागपूरजवळ हिंगण्याला एका कारखान्यात लागला, तिथेच खोली केली. पोळ्याला आला नाही, दिवाळीला आला नाही, अशी वर्षं गेली. हिस्सा बंद झाल्यावर रुखमाबाई दुसऱ्यांचे मासे विकू लागल्या. पण बैठकीत बोलायच्या बंद झाल्या, ते मला जास्त लागलं. कोपरा अजून बंद आहे म्हणे, राखणही चालू आहे. बियाणं खाऊ नका म्हणणारी बाई मात्र तिथे जात नाही.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन धंतोलीत झालं. मीच करवलं, राहायला माझ्याकडे आणलं. लोक म्हणाले, मॅडमचं मन मोठं. मी त्यांच्या डोळ्यात थेंब घालत असताना त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगा न त्याले. तुमचं आयकते तो. एकदा हो म्हण म्हणा. मी काही नाही बोलणार. मले फक्त तो घरी पायजे."

थेंब घालून झाला होता. मी त्यांच्या समोर होते, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. याहून चांगली वेळ कोणती असते? मी म्हटलं, डोळा मिटून ठेवा.

आणि मी गेले हिंगण्याला. जाताना ठरवलं होतं, त्याला तरी खरं सांगायचं. कारखान्याच्या फाटकासमोर पाळी सुटायची वाट पाहत उभी राहिले. तो मोटरसायकल ढकलत बाहेर आला, बारीक झालेला, कानाजवळ केस पिकलेले. नमस्कार केला त्यानं. मायचा डोळा कसा आहे, हे आधी विचारलं. मी ते सांगितलं. आणि मग — ऐका — मग मी म्हटलं, "देवानंद, आई फार थकली रे. एकदा हो म्हणून टाक. तिचं समाधान होईल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं. त्या बैठकीपासूनच ठाऊक होतं. हे मला त्या फाटकासमोर कळलं. मी सांगावं म्हणून तो थोडा वेळ थांबलासुद्धा. मागून पोरं हॉर्न वाजवत होती. मग तो म्हणाला, "बरं मॅडम. सांगा तिले, मीच मारली म्हणा."

मी तो निरोप नेला. शब्दाला शब्द.

रुखमाबाई रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. होळीला देवानंद घरी गेला. बैठकीत त्यानं उभं राहून कबूल केलं, सगळ्यांसमोर कान धरले. लोकांनी मोठ्या मनानं घेतलं. त्याच दिवशी रुखमाबाईंचा मला फोन आला. मागे भांड्यांचा आवाज, देवानंदचं बोलणं ऐकू येत होतं. म्हणाल्या, मॅडम, तुमच्यामुळं माझं लेकरू सुधरलं, तुमचे उपकार कसे फेडू.

मी म्हटलं, असू द्या.