मामांना चेहरे कळत नसत

समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातलं ओळखण्यात माझ्या बायकोच्या मामांइतका चुकणारा माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत झाला नसेल. एका दिवाळीला त्यांच्याकडे मुरबाडला राहिलो असताना मी मोजलंच. चार दिवसांत त्यांनी अकरा जणांच्या मनातलं सांगितलं; दहा वेळा चुकलं. अकराव्यांदा बरोबर निघालं, पण ती म्हैस होती. बांधावरून भांडायला आलेल्या शेजाऱ्याचे लाल डोळे पाहून ते मायेनं म्हणाले, "जागरण झालं का रे? ये, चहा घे." शेजारी चहा पिऊन गेला, भांडण राहून गेलं. मामी मात्र वैतागायच्या. "माजं डोकं दुखतंय हे या मानसाला चार दिसांनी कळतं, ते पण मी सांगितल्यावर!"

एकदा मी त्यांना शहापूरच्या डॉक्टरांकडे नेलं. दंडाला पट्टा बांधून फुगवला, तर पारा दोनशे दहावर. डॉक्टर म्हणाले, "रक्ताचा दाब असा चढलेला असला की काहींना दुसऱ्याचा राग, भीती नीट ओळखू येत नाही. माझ्या रोग्यांत मी पाहिलंय." मग मला बाजूला घेऊन त्यांनी बजावलं, "यांना धक्का बसेल असं एकदम काही सांगू नका. डोक्यातली शीर फुटेल." बाहेर पडल्यावर मामा म्हणाले, "डॉक्टर फार खूश दिसला माझ्यावर."

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत त्यांची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आम्ही दोघं मदतीला गेलो होतो. पहाटेपासून कळा येत होत्या. दुपारचे बारा वाजले तरी सुटका होईना. माजघराचं दार किलकिलं करून सुईण बाहेर आली. तोंड पांढरंफटक. मामींच्या कानाशी ती म्हणाली, ते मलाही ऐकू आलं. "बाळाचं पाय पुढं आलेत गो. माज्यानं होईल ते करते, पन दोन जीव हायत. भरवसा नाय." आणि ती आत गेली.

ओटीवरून मामांनी तिचा चेहरा तेवढा पाहिला होता. "नातू!" ते ओरडले. "सुईणीचं तोंड बघितलं का, जावईबापू? कशी फुललीय!"

साखर तेव्हा रेशनच्या कार्डावर मिळे. महिन्याची सगळी, सव्वा शेर, मामांनी ताटात ओतली आणि पायरीवर उभं राहून आळीला हाका मारल्या. मी मामींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, सांगू नका. आत लेक, बाहेर नवरा, आणि मध्ये उंबऱ्यावर त्या उभ्या.

माणसं जमली. "नातू का, दादा?"

"नातू!"

मामांच्या पाठीमागून मी ओठांवर बोट ठेवलं. तेवढ्यात आतून कण्हणं आलं आणि लोक काय ते समजले. चिमूटभर साखर तळहातावर घेऊन सगळे तसेच उभे राहिले, कुणी तोंडात टाकेना. एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला.

"बघा," मामा म्हणाले, "परक्यांनाही किती आनंद झालाय! तुमी पण खा की, जावईबापू."

मी खाल्ली.

एक वाजून पाच मिनिटांनी बाळ रडलं. त्यानंतर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग लेकीचा आवाज आला, "आये, पानी." मामी उंबऱ्यावरच खाली बसल्या. मुलगी झाली होती.

संध्याकाळी मी मामांना जपत जपत सगळं सांगितलं. रिकाम्या ताटाच्या कडेला चिकटलेले साखरेचे दाणे ते बोटानं गोळा करू लागले.

"सुईण हसत होती का घाबरली होती, मला खरंच नाय कळलं," ते म्हणाले. "मला कुनाचंच नाय कळत. मग म्हटलं, आपनच ठरवायचं हाय, तर चांगलं ठरवू."

वर्षभरात मामा गेले. नातीला ते आठवत नाहीत. परवा तिनं मला विचारलं, "मी मुलगी, म्हणून माझी साखर वाटली नसेल ना?"

"वाटली," मी म्हणालो. "तू यायच्या आधीच."